संगणक बरा, वाट बिघडलेली: एका घरगुती ब्रॉडबँड जोडणीचे प्रकरण

हे प्रकरण खरे आहे. माणसे ओळखू येतील असे तपशील काढले आहेत आणि काही किरकोळ गोष्टी बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणात जे काही शिकण्यासारखे आहे ते त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

घरात चार माणसे. ताई घरून अनुवादाचे काम करतात, बहुतेक करारनामे आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका. म्हणजे दुसऱ्यांची गोपनीय कागदपत्रे त्यांच्या संगणकावर असतात. त्याच संगणकावर, विंडोज १० प्रो असलेल्या डेस्कटॉपवर, रात्री मुलगा ऑनलाइन खेळतो. याशिवाय सगळ्यांचे मोबाइल, एक टीव्ही आणि प्रिंटर. ब्रॉडबँड फायबरचे, आणि राउटर सेवा देणाऱ्या कंपनीने बसवून दिलेला. बसवला त्या दिवसानंतर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते.

सुरक्षा म्हणजे अँटीव्हायरस, अशी घरातली समजूत. तो होता आणि वेळच्या वेळी अद्ययावतही होत होता.

काही महिन्यांपूर्वी मुलाने तीन बदल केले होते. खेळात ‘नॅट स्ट्रिक्ट’ (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवल्या जात आहेत) अशी सूचना येत होती, म्हणून त्याने कंपनीकडून सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येईल असा अंकी पत्ता, मागून घेतला. तेवढ्याने भागेना, तेव्हा राउटरमध्ये डीएमझेड सुरू करून त्यात डेस्कटॉपचा पत्ता भरला. पुढे ताईंना प्रवासात फाइली लागतात म्हणून डेस्कटॉपवर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून तो संगणक वापरायची सोय, चालू केले. रिकाम्या पासवर्डने ते चालत नाही, म्हणून ताईंच्या खात्याला एक सहा अक्षरी पासवर्ड दिला. ते खाते अर्थातच अॅडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे सगळे अधिकार असलेले, होते. घरातल्या संगणकावर दुसरे खाते सहसा नसतेच.

या तिन्हींचा एकत्र परिणाम काय झाला ते नीट समजून घ्यायला हवे. घरातल्या सगळ्या यंत्रांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता पुरेसा व्हावा म्हणून राउटर पत्त्यांची अदलाबदल करतो, त्यालाच नॅट म्हणतात. नॅट सुरक्षेसाठी जन्मालाच आलेले नाही, पण बाहेरून न मागता आलेली जोडणी कोणाला द्यायची हे राउटरला कळत नसल्यामुळे तो ती टाकून देतो आणि आपोआप संरक्षण मिळते. डीएमझेडमध्ये एखाद्या यंत्राचा पत्ता भरला की ही टाकून दिलेली प्रत्येक जोडणी त्या यंत्राकडे जाते. ज्या यंत्रावर करारनामे होते तेच यंत्र, तेही ३३८९ या रिमोट डेस्कटॉपच्या ठरलेल्या पोर्टसह (पोर्ट म्हणजे यंत्राचे क्रमांक दिलेले दार), थेट इंटरनेटसमोर उभे राहिले.

अडचण

सुरुवात जाहिरातींनी झाली. एचटीटीपीएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) नसलेल्या जुन्या साइट उघडल्या की भलतीच पाने येत. पत्ता टाइप करताना एखादे अक्षर चुकले तर ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथून अपडेट करा’ असे पान उघडे. मग एकदा बँकेची साइट उघडताना ब्राउझरने साइटची ओळख पटवणारे प्रमाणपत्र जुळत नसल्याचा इशारा दिला आणि पुढे जाऊच दिले नाही.

ताईंची कामाची मेलपेटी एका लहान होस्टिंगवर होती. तिथेही तोच इशारा आला, पण त्याखाली ‘तरीही पुढे जा’ असा दुवा होता. काम संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. ताईंनी दुवा दाबला, नेहमीसारखे पान आले, पासवर्ड टाकला, मेल उघडली.

बँकेने अडवले आणि मेलपेटीने जाऊ दिले, यात योगायोग नाही. ‘माझ्याकडे फक्त सुरक्षित जोडणीनेच या’ असे साइट ब्राउझरला आधीच सांगून ठेवू शकते. या सोयीचे नाव एचएसटीएस, आणि तिचा मानक दस्तऐवज २०१२ सालचा आहे. बँकेने ती वापरली होती, मेलपेटीच्या होस्टिंगने नव्हती. एवढ्या फरकाने बँकेचा पासवर्ड वाचला आणि मेलचा गेला.

मुलगा म्हणत होता, “आई, माझ्याकडे तर सगळं नीट चालतंय.” आणि ते खरेच होते. संगणक एकच, पण तो दुसरा ब्राउझर वापरत होता, आणि त्या ब्राउझरमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ (साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता विचारण्याची वेगळी, सुरक्षित वाट) हा पर्याय त्याने कधीतरी चालू केला होता. त्यामुळे ताईंचाच ब्राउझर बिघडला असणार, यावर घराचे एकमत झाले. ब्राउझर काढून पुन्हा टाकला. फरक पडला नाही. अँटीव्हायरसने पूर्ण तपासणी करून काहीही सापडले नसल्याचे सांगितले.

मग तंत्रज्ञ बोलावला. तो डेस्कटॉप घेऊन गेला, फॉरमॅट मारला, विंडोज नव्याने टाकले आणि आपल्याकडे चालवून पाहिले. तिथे सगळे व्यवस्थित होते. घरी आणून जोडल्यावर त्याच संध्याकाळी ‘ब्राउझर जुना झाला आहे’ पुन्हा हजर. तंत्रज्ञाचा पुढचा सल्ला हार्डडिस्क बदलण्याचा होता.

तपास

माझ्याकडे हे प्रकरण या टप्प्यावर फोनवरून आले. ‘तिकडे चालतो आणि घरी आणला की बिघडतो’ हे एक वाक्य ऐकले की संगणकावरचा संशय निम्मा उतरायला हवा. मी ताईंना मोबाइलवर, घरच्या वायफायवरून, मुद्दाम एक अक्षर चुकवून पत्ता टाकायला सांगितला. तेच पान आले. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तोच पत्ता टाकला, तर साधी ‘साइट सापडली नाही’ अशी सूचना आली. बिघाड राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे होता.

डीएनएस म्हणजे चौकात उभा राहून पत्ता सांगणारा माणूस. तोच फितूर झाला तर गाडी कितीही धडधाकट असो, पोहोचणार भलतीकडेच. मुलाचा ब्राउझर या माणसाला न विचारता परस्पर दुसरीकडे विचारत होता, म्हणून तो वाचला.

संगणकावर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा दिली तर डीएनएस म्हणून १९२.१६८.१.१ दिसत होते, म्हणजे राउटरच. इथे बरेच जण समाधान मानून थांबतात. पण राउटर स्वतः उत्तर देत नाही, तो पुढे कोणाला तरी विचारतो, आणि तो कोणाला विचारतो हे त्याच्याच पानावर पाहावे लागते. तिथे दोन अनोळखी पत्ते भरलेले सापडले. बँकेच्या साइटचा पत्ता राउटरला विचारला आणि मग थेट १.१.१.१ या क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसला विचारला, तर दोन वेगळी उत्तरे आली. मोठ्या साइटच्या बाबतीत वेगवेगळी उत्तरे निर्दोष कारणानेही येतात, त्यामुळे एवढाच पुरावा धरू नये. त्याच्या जोडीला प्रमाणपत्राचा इशारा होता, म्हणून शंका उरली नाही.

शेवटची चाचणी बाहेरून केली. मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये घराचा सार्वजनिक पत्ता आणि पुढे ८०८० हा पोर्ट टाकला. राउटरचे लॉगिनचे पान उघडले. नाव अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन. जगात कुठूनही, कोणालाही.

आजोबा हे सगळे बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, “अरे, पण आपल्या घरात कोण कशाला घुसेल? चोरायला आहे काय?” प्रश्न रास्त होता. उत्तर असे की हे घर कोणी निवडलेच नव्हते. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. त्याने एका साध्या संगणकावरून, जोडणी वेगवान असेल तर, सगळ्या आयपीव्ही४ (इंटरनेटच्या जुन्या, अजूनही रूढ पद्धतीच्या) पत्त्यांवरचा एखादा पोर्ट पाऊण तासात तपासून होतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या कीडप्रोग्रामने कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. उघडा पोर्ट आणि न बदललेला पासवर्ड एवढेच शोधले जाते. आत करारनामे आहेत की लग्नाचे फोटो, हे नंतर पाहतात. पुष्कळदा पाहतही नाहीत.

पहिला निर्णय: आधी काय

मुलाचा हात लगेच डीएनएसच्या रकान्याकडे गेला. ते पत्ते पुसून चांगले भरले की काम झाले, असे त्याला वाटत होते. मी थांबवले. पासवर्ड गेलेला होता आणि तो ज्याच्याकडे होता त्याच्या हातात अजून वेळ होता. राउटर एक तास उशिरा दुरुस्त झाला असता तरी नुकसान वाढणार नव्हते. मेलपेटीच्या बाबतीत तसे म्हणता येत नव्हते.

म्हणून आधी फायबरची तार काढली. मग ताईंच्या मोबाइलवर, मोबाइल डेटावरून, पासवर्ड बदलायला घेतले. पहिली मेलपेटी, कारण बाकी प्रत्येक खात्याचा ‘पासवर्ड विसरलात?’ तिच्याकडेच येतो. मग बँक, मग कागदपत्रे साठवायचे खाते. जिथे मिळत होती तिथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू केली आणि ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हे बटण दाबले. हे बटण महत्त्वाचे आहे. काही सेवांमध्ये पासवर्ड बदलला तरी आधीच आत बसलेला माणूस बसूनच राहतो.

राउटरबाबतचे पर्याय

पहिला पर्याय मुलाचाच: डीएनएस दुरुस्त करायचे, पासवर्ड बदलायचा, पुढे चालू. दहा मिनिटांचे काम. पण जो आत येऊन डीएनएस बदलतो त्याने आणखी काय बदलले, हे त्या पानांवर दिसेलच असे नाही. दुसरा पर्याय, कारखाना-स्थितीला रीसेट करून नवे फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा त्याच्यातलाच प्रोग्राम, टाकायचे. मिराईसारखे प्रोग्राम नुसत्या मेमरीत राहतात आणि राउटर बंद करून चालू केला तरी जातात, फक्त पासवर्ड तोच राहिला तर लगेच परततात. पण २०१८ मध्ये उघडकीला आलेल्या व्हीपीएनफिल्टर या राउटरमध्ये शिरणाऱ्या प्रोग्रामचा पहिला टप्पा रीबूटनंतरही टिकत असे. तेव्हा रीसेट तर हवेच. तिसरा पर्याय, कंपनीचा राउटर नुसता पूल म्हणून, म्हणजे जोडणी तशीच पुढे देण्यापुरता, ठेवायचा आणि त्यामागे स्वतःचा राउटर लावायचा.

आम्ही दुसरा निवडला, तोही सावधपणे. रीसेट करण्यापूर्वी जोडणीच्या पानाचे फोटो काढले: पीपीपीओईचे (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करायच्या पद्धतीचे) वापरकर्तानाव आणि व्हीलॅन (कंपनीच्या जाळ्यातला आपला विभाग) क्रमांक. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके होते, तो कंपनीला फोन करून मागावा लागला. घाईत रीसेटचे बटण दाबणाऱ्यांचे नेट इथेच दोन-तीन दिवस बंद पडते.

रीसेटनंतर तारेने संगणक जोडून, फायबर न लावता, सगळे बदल केले. नवा लांब पासवर्ड दिला. रीसेटमुळे डीएमझेड बंदच झाले होते, ते तसेच राहू दिले. बाहेरून व्यवस्थापन बंद केले. डब्ल्यूपीएस, म्हणजे पिन किंवा बटणाने वायफायला जोडायची सोय, बंद केले. त्यातला आठ अंकी पिन दोन भागांत तपासला जातो आणि शेवटचा अंक गणिताने निघतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. ही खोट २०११ पासून जगजाहीर आहे. मग फायबर लावले.

थोड्या वेळाने, केवळ सवयीने, पुन्हा मोबाइल डेटावरून ८०८० उघडून पाहिले. लॉगिनचे पान समोर! राउटर जोडला जाताच कंपनीच्या दूरव्यवस्थापन यंत्रणेने आपला ठरलेला नमुना त्यावर पाठवला होता, आणि त्या नमुन्यात बाहेरून व्यवस्थापन चालूच होते. नव्या पासवर्डमुळे आत कोणी शिरले नसते, पण दार कंपनीनेच उघडे ठेवले होते. तोवर घरात सगळा दोष मुलावर टाकून झाला होता. डीएमझेड आणि रिमोट डेस्कटॉप त्याचेच. पण डीएनएस बदलणारा ज्या वाटेने आला ती वाट त्याने उघडलेली नव्हती. सार्वजनिक पत्ता मागून त्याने ती जगाला दिसेल अशी केली, एवढेच. ताईंनी त्याची माफी मागितली की नाही हे मी विचारले नाही.

यंत्रणा दुरून बदल करते हेच मुळात वाईट, असे मी म्हणणार नाही. एरवी हजारो घरांची दुरुस्ती अशीच होते. पण ती वाट कच्ची असली तर फटका एकदम सगळ्यांना बसतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली, ती दूरव्यवस्थापनाच्या ७५४७ या पोर्टवर झालेल्या हल्ल्यामुळे. आमच्यापुरता प्रश्न साधा होता. ज्या राउटरच्या सेटिंग आपल्या हातात राहत नाहीत, त्याच्यावर घराची सुरक्षा टेकवता येत नाही. म्हणून तिसरा पर्यायही घेतला. कंपनीने पूल-स्थिती करून द्यायला खळखळ केली (“नेट चालतंय ना? मग कशाला?”), पण शेवटी करून दिली. नवा राउटर घेताना वेगापेक्षा एकच गोष्ट पाहिली: बनवणारा किती वर्षे फर्मवेअर देणार हे लिहून देतो का.

संगणकाबाबतची कृती

इथे एक कोडे सुटलेच नाही. रिमोट डेस्कटॉप कित्येक महिने उघडे होते. त्यातून कोणी आत आले होते का? विंडोज फसलेले लॉगिन ४६२५ आणि यशस्वी लॉगिन ४६२४ या क्रमांकांनी नोंदवून ठेवते. त्या नोंदी वाचल्या असत्या तर निदान अलीकडच्या काळाचे चित्र मिळाले असते. पण फॉरमॅटमध्ये त्या पुसल्या गेल्या. फॉरमॅटने बिघाड गेला नाही, पुरावा मात्र गेला. मग कोणीतरी आले असावे असे धरून चालण्यावाचून पर्याय उरला नाही, आणि पुढचे सगळे निर्णय त्या गृहीतावर बेतले.

फाइली परत आणायच्या होत्या त्या बाह्य डिस्कवरून. ती डिस्क वर्षभर डेस्कटॉपला लावूनच ठेवलेली होती, म्हणजे आत आलेल्या कोणालाही तीही उघडी. खंडणीखोर प्रोग्राम आला असता तर मूळ आणि प्रत एकदमच गेली असती. आता दोन डिस्क आहेत, आलटून पालटून लावायच्या, आणि प्रत झाली की काढून कपाटात. परत आणताना फक्त दस्तऐवज घेतले, जुने प्रोग्राम आणि इन्स्टॉल करायच्या फाइली घेतल्या नाहीत.

खाती तीन केली: ताईंचे आणि मुलाचे साधे, आणि तिसरे अॅडमिनिस्ट्रेटरचे, ज्यात रोज कोणी बसत नाही. पहिला आठवडा यावरून कुरबूर झाली, प्रत्येक इन्स्टॉलला पासवर्ड लागतो म्हणून. नंतर थांबली. बाकी गोष्टी ठरलेल्याच: फायरवॉल चालू, विंडोज आणि ब्राउझरच्या सुधारणा आपोआप, फाइल शेअरिंग बंद.

रिमोट डेस्कटॉपवर खरी चर्चा झाली. मुलाने सुचवले, पोर्ट ३३८९ ऐवजी दुसरा ठेवू. त्याने नोंदींतला गोंगाट कमी होतो, धोका नाही. दुसरा मार्ग राउटरवर व्हीपीएन (बाहेरून घरापर्यंतची सांकेतिक, खासगी वाट) उभारून त्यातून आत येण्याचा, आणि तो योग्यच आहे. पण ताईंना विचारले, गेल्या वर्षात प्रवासातून किती वेळा लागले? त्यांना एकच प्रसंग आठवला. जी वाट वापरायचीच नाही तिला पहारा कशाला? रिमोट डेस्कटॉप बंद केले आणि प्रवासाला लागणाऱ्या फाइली तेवढ्या ऑनलाइन साठ्यात ठेवायचे ठरले.

खेळाचे काय? यूपीएनपी (प्रोग्रामांना राउटरचे पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) चालू ठेवला तर खेळ स्वतःला हवा तो पोर्ट उघडून घेतो, पण मग घरातला कोणताही प्रोग्राम, चांगला-वाईट, तेच करू शकतो. म्हणून तो बंद करून खेळाला लागणारे ठरावीक पोर्ट तेवढे हाताने पुढे पाठवले आणि त्यासाठी डेस्कटॉपला राउटरकडून कायमचा एकच पत्ता नेमून दिला. सूचना ‘स्ट्रिक्ट’वरून ‘मॉडरेट’वर आली. मुलाला ‘ओपन’ हवे होते. इथे त्याला थोडे नमते घ्यावे लागले. टीव्ही आणि प्रिंटरपैकी टीव्ही पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर हलवला. प्रिंटरही हलवला होता, पण छपाईच होईना, म्हणून परत आणला.

परिणाम

भलती पाने त्याच दिवशी थांबली आणि पुन्हा दिसली नाहीत. बँकेतून काही गेले नाही.

पण तीनेक आठवड्यांनी एका ग्राहकाने ताईंना विचारले, “तुमचा खाते क्रमांक बदलला का? तशी मेल आली आहे.” ताईंनी तशी मेल पाठवली नव्हती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर वेगळे होते, पण मजकुरात चालू कामाचा बरोबर उल्लेख होता. मेलपेटीच्या सेटिंगमध्ये खोलवर पाहिले तेव्हा एक नियम सापडला: येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत एका अनोळखी पत्त्यावर. पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांवरून बाहेर काढले, तरी हा नियम मुकाट्याने काम करत राहिला होता. तो काढला. ग्राहकाने विचारले म्हणून पैसे वाचले.

पुढचा निर्णय तांत्रिक नव्हता. बाकी ग्राहकांना सांगायचे का? घरात दोन मते होती. ताईंनी सगळ्यांना कळवले: कोणत्या काळातल्या मेल बाहेर गेल्या असाव्यात, कोणती कागदपत्रे त्यांत होती, आणि खाते क्रमांक बदलल्याची मेल आली तर फोन करून खात्री करा. बहुतेकांनी आभार मानले. एका ग्राहकाने त्यानंतर काम दिलेले नाही, कारणही सांगितलेले नाही.

काय वेगळे करता आले असते

‘मोबाइलवरही हेच होते का?’ ही चाचणी पहिल्या दिवशी झाली असती तर फॉरमॅट, दोन दिवसांचे बुडालेले काम आणि पुसलेल्या नोंदी, तिन्ही टळले असते. तंत्रज्ञाकडे संगणक देण्यापूर्वी डिस्कची प्रत किंवा निदान लॉगिनच्या नोंदी काढून ठेवणेही शक्य होते. तंत्रज्ञाला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्याकडे यंत्र आले होते, घर नव्हे.

मेलपेटीचा पासवर्ड बदलला त्याच बैठकीत पुढे-पाठवणीचे नियम, पर्यायी मेलपत्ता आणि जोडलेली अॅप पाहायला हवी होती. यादीत हे आता माझ्या दुसऱ्या क्रमांकावर असते, पासवर्डच्या लगेच खाली.

रीसेटनंतर बाहेरून तपासणी झाली ती सवयीने. ती ठरवून, आणि दोनदा व्हायला हवी: एकदा लगेच, एकदा दुसऱ्या दिवशी, दुरून येणारे बदल येऊन गेल्यावर. आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत चालू असेल तर त्यावरूनही वेगळी करावी. तिथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि नॅटचा आपोआप मिळणारा आडोसा नसतो, जे काही अडवायचे ते राउटरच्या फायरवॉलनेच. या घरातल्या नव्या राउटरमध्ये ती चालू होती. जुन्यात होती का, हे पाहायचे राहून गेले.

डेस्कटॉपचा प्रश्न अजून बाकी आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. जादा सुरक्षा सुधारणांची मुदतवाढ घेऊन थोडा काळ काढता येतो, लिनक्स टाकता येते, किंवा खेळाचा आणि कामाचा संगणक वेगळा करता येतो. ताईंचा कल तिसऱ्याकडे आहे. मुलाचे म्हणणे, नवा आपल्याला आणि जुना आईला. यावर घरात अजून एकमत झालेले नाही.